फुकटाची किंमत कोण मोजतो?

सिनेमा, गाणी, पुस्तके आणि संगणकाची सॉफ्टवेअर्स इंटरनेटवरून फुकट उतरवून घेण्याची प्रथा आता शहरी मध्यमवर्गापुरती उरलेली नाही. तालुक्याच्या गावी स्पर्धा-परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी, औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार, चळवळीचा पूर्णवेळ कार्यकर्ता, सारेच कमीअधिक प्रमाणात ती पाळतात. या प्रथेविषयी दोन प्रकारची भाषा ऐकू येते. चित्रपट व ध्वनिमुद्रण कंपन्या म्हणतात, ही चोरी आहे. त्याला उत्तर मिळते, ज्ञान आणि कला सर्वांच्या मालकीच्या आहेत, त्या वाटून घेण्यात गुन्हा कसला? या वादात एक तिसरा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. फाइल घरात येते तेव्हा तिच्याबरोबर आणखी कोण घरात शिरते, आणि घेणाऱ्याची कोणती माहिती बाहेर जाते?

या प्रश्नाचे मूळ अर्थव्यवहारात आहे. एकदा तयार झालेल्या गाण्याची आणखी एक प्रत काढण्याचा खर्च आज जवळजवळ शून्य आहे. तरीही तिला किंमत पडते, कारण कायद्याने दिलेल्या मक्तेदारीच्या बळावर टंचाई कृत्रिमरीत्या टिकवून धरलेली असते. या टंचाईला पहिला मोठा धक्का १९९९ मध्ये नॅप्स्टरने दिला. नॅप्स्टरची सूची एका मध्यवर्ती ठिकाणी होती, म्हणून २००१ मध्ये अमेरिकन न्यायालयाच्या आदेशाने ती बंद पाडता आली. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन याने बिटटॉरेंट ही पद्धत काढली. तीत फाइलचे असंख्य तुकडे होतात, आणि जो तुकडे घेतो तोच ते इतरांना देऊही लागतो. सहकाराचे हे तत्त्व कोणाही समाजवाद्याला आवडावे असेच आहे. आणि तंत्र म्हणून ते निर्दोषही आहे. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली आणि इंटरनेट आर्काइव्हचा संग्रह याच मार्गाने राजरोस वाटला जातो.

परंतु या सहकारात बुरखा नाही, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. टॉरेंटच्या देवघेवीत सामील झालेल्या प्रत्येकाचा आयपी पत्ता इतर सर्वांना दिसतो. त्या घोळक्यात कंपनीचा हेर, वकिलाचा हस्तक किंवा पोलीस कोणीही बसू शकतो. त्याला कुलूप फोडावे लागत नाही. पत्त्यावरून जोडणी देणारी कंपनी कळते आणि कंपनीच्या दप्तरातून ग्राहकाचे नाव निघते. शिवाय घेणारा हा आपोआप वाटणाराही होत असल्यामुळे ‘फक्त पाहण्यासाठी घेतले’ हा बचाव लटका पडतो. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे.

अशा उघड्या पत्त्यांचा उपयोग कसा होतो, हे अमेरिकेने पाहिले आहे. २००३ पासून तेथील ध्वनिमुद्रण कंपन्यांनी हजारो सामान्य माणसांवर दावे लावले. मिनेसोटातील एका स्त्रीवर २४ गाण्यांसाठी २००७ मध्ये २ लाख २२ हजार डॉलरची भरपाई बसली. फेरसुनावणीत २००९ मध्ये ती १९ लाख २० हजारांवर गेली आणि २०१२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने पुन्हा २ लाख २२ हजार कायम केली. पुढे प्रेंडा लॉ नावाच्या वकिली पेढीने तर स्वतःच अश्लील चित्रफिती टॉरेंटवर सोडल्या, त्या उतरविणाऱ्यांचे पत्ते गोळा केले आणि बेअब्रूची भीती घालून तडजोडीच्या रकमा उकळल्या. २०१९ मध्ये त्यातील एका वकिलाला १४ वर्षांची व दुसऱ्याला ५ वर्षांची शिक्षा झाली. सावज मात्र सर्वत्र एकच होते: वकील लावण्याची ऐपत नसलेला माणूस.

सुरक्षेची बाजू याहून बिकट आहे. चित्रपटाचे नाव धारण करणारी फाइल प्रत्यक्षात संगणकावर चालणारा प्रोग्राम असू शकते, आणि विंडोज प्रणाली फाइलच्या नावाचे शेपूट सहसा लपवीत असल्यामुळे हे सोंग ओळखू येत नाही. ‘कुलूप तोडलेली’ सॉफ्टवेअर्स घेताना तर विषाणूरोधक यंत्रणा बंद करा असेच सांगितले जाते. म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवून दार उघडावयाचे. मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन या प्रतिष्ठित टॉरेंट साधनाच्या अधिकृत संकेतस्थळावरील प्रतीतच खंडणीखोर विषाणू घुसविण्यात आला होता. अलीकडे आपल्या मोबाइलवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल येते आणि ती उघडणाऱ्याचे बँक खाते रिकामे होते, हा त्याच दुखण्याचा देशी अवतार होय. माहिती उलट दिशेने वाहून जाण्याचाही धोका असतो. वाटपासाठी चुकीचा कप्पा मोकळा राहिल्यामुळे ग्राहकांची व कर्मचाऱ्यांची खाजगी माहिती बाहेर गेल्याचे फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने सुमारे १०० संस्थांना कळविले होते.

मग पैसे मोजून रीतसर घेणारा तरी सुरक्षित आहे काय? २००५ मध्ये सोनी-बीएमजी कंपनीच्या गाण्यांच्या तबकड्या विकत घेऊन संगणकात घालणाऱ्यांना निराळाच अनुभव आला. नक्कल रोखण्याच्या नावाखाली त्या तबकड्या संगणकात एक छुपे सॉफ्टवेअर बसवीत होत्या. मार्क रुसिनोविच या तंत्रज्ञाने ते उघडकीस आणले, तेव्हा त्याच्या आडोशाला इतर विषाणूही दडू शकतात हे दिसून आले आणि कंपनीला तबकड्या परत घ्याव्या लागल्या. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने वाचकांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके त्यांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. घुसखोरी ही केवळ चोरबाजाराची खासियत नव्हे. माणसाच्या यंत्रावर आणि माहितीवर ताबा मिळविणे हा दोन्ही बाजारांचा धंदा आहे. एक तो अंधारात करतो, दुसरा अटी-शर्तींच्या कागदावर सही घेऊन.

चळवळीच्या दृष्टीने खरा धोका याहूनही मोठा आहे. ज्या संगणकावर रात्री सिनेमा उतरविला जातो, त्याच संगणकावर सकाळी युनियनच्या सभासदांची यादी उघडते. अद्याप मालकाला न कळलेल्या कामगार-संघटकांची नावे, मोर्चाच्या तयारीचे निरोप, अत्याचारग्रस्त स्त्रीचा अर्ज, हे सारे तेथेच असते. कार्यालयात जोडणी एक आणि वापरणारे दहा असतात. एकाने केलेल्या उचापतीचा पत्ता संघटनेच्या नावावर नोंदला जातो. पुण्यात दाखल झालेल्या भीमा-कोरेगाव प्रकरणातील एका आरोपीच्या संगणकात २०१६ मध्ये विश्वासू सहकाऱ्याच्या ई-मेलवरून आलेल्या फाइलीतून दूरनियंत्रणाचा विषाणू शिरला आणि त्याच्याद्वारे कागदपत्रे पेरण्यात आली, असा निष्कर्ष बचाव पक्षासाठी तपासणी करणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात काढला. त्याचा निवाडा न्यायालयात व्हावयाचा. परंतु एका फाइलीपायी किती वर्षांचे स्वातंत्र्य पणाला लागू शकते, याची कल्पना येण्यास तो पुरेसा आहे.

येथे शासनाकडून संरक्षणाची अपेक्षा करावी, तर त्याचे वर्तन दुटप्पी आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तरीही २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि आयपी क्रमांक पाच वर्षे जपून ठेवण्यास फर्मावण्यात आले. आणि २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने आपल्या पसंतीच्या शासकीय यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवला. नागरिक पारदर्शक आणि सत्ता अपारदर्शक, ही लोकशाहीची उलटी मांडणी होय.

म्हणून कार्यकर्त्यांनी प्रथम आपले घर सावरावे. संघटनेच्या कामाचे यंत्र आणि करमणुकीचे यंत्र एक असू नये. ते शक्य नसेल तेथे निदान स्वतंत्र खाते असावे आणि सभासद-यादीला निराळे कुलूप असावे. ‘कुलूप तोडलेल्या’ सॉफ्टवेअरऐवजी लिबर ऑफिससारखी मुक्त साधने वापरावीत. ती फुकटही आहेत आणि प्रामाणिकही. ओळखीच्या माणसाकडून आलेली फाइलसुद्धा फोनवर विचारून मगच उघडावी. यात अविश्वास नाही. यादीत ज्यांची नावे आहेत त्यांच्याविषयीची ती जबाबदारी आहे.

परंतु खबरदारी हे धोरणाला पर्यायी नव्हे. माणसे चोरवाटेने जातात, कारण राजरस्त्यावर जकात भारी आहे किंवा राजरस्ताच नाही. मराठी विश्वकोश सार्वजनिक खर्चाने तयार झाला आणि आज तो कोणालाही विनामूल्य वाचता येतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकेही तशीच मिळतात. ती घेताना कोणाला भीती वाटत नाही. हेच तत्त्व जनतेच्या पैशातून निर्माण झालेल्या चित्रपटांना, १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांना, दूरदर्शन व आकाशवाणीच्या संग्रहांना लागू झाले पाहिजे. पुण्यात १९६४ पासून जपलेला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा ठेवा, हक्क मोकळे असतील तेथे, गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांतून खुला व्हावा. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मानधनातील वाटा मिळाला, तो प्रत्यक्षात त्यांच्या हाती पडावा. कारण कंपनीची मक्तेदारी मोडणे म्हणजे कलावंताची मजुरी बुडविणे नव्हे. आणि कोणाही नागरिकाची माहिती न्यायालयाच्या परवानगीवाचून शासनाला वा कंपनीला मिळू नये. या मागण्या वाचनालय चळवळीच्या, विद्यार्थी संघटनांच्या आणि कामगार संघटनांच्या व्यासपीठांवरून एकत्र मांडल्या गेल्या पाहिजेत. वाटून घेण्याचा हक्क आणि एकांताचा हक्क हे परस्परविरोधी नाहीत. ते दोन्ही एकाच लढ्याने मिळवावे लागतील.