नट मोजायचा तो फुटपट्टीने नव्हे

एप्रिल १९३६ मध्ये लखनौ येथे प्रगतिशील लेखक संघाचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षपदावरून प्रेमचंद यांनी सौंदर्याची कसोटी बदलण्याची हाक दिली. सुखवस्तूंच्या महालात सौंदर्य शोधणाऱ्या साहित्याने ते कष्टकऱ्यांच्या जीवनात पाहावे, असा तिचा आशय होता. कमी उंचीच्या नटांच्या बाबतीत या हाकेचा हिशेब मांडला, तर बाकी फार मोठी निघते.

हिंदी चित्रपटाने या नटांना दिले काय? सर्कशीतला विदूषक, खलनायकाचा चेला, नाहीतर वरातीत नाचणारा गंमतीचा माणूस! भूमिका मोठी झाली की नट बदलतो. १९८९ च्या तमिळ ‘अपूर्व सहोदररगळ’मध्ये, म्हणजे हिंदीतल्या ‘अप्पू राजा’मध्ये, कमल हासन; २००६ च्या ‘जानेमन’मध्ये अनुपम खेर; २०१८ च्या ‘झिरो’मध्ये शाहरुख खान. ‘झिरो’चा नायक तर उत्तर प्रदेशातील मेरठचा. या नटांच्या कसबाबद्दल वाद नाही. प्रश्न रोजगाराचा आहे. विदूषकाची मजुरी एकाला आणि नायकाचे मानधन दुसऱ्याला, ही वाटणी कलेची गरज म्हणून झालेली नाही. ती बाजाराने केली आहे.

संधी मिळाली तेव्हा काय घडले, हेही पाहिले पाहिजे. लिलिपुट या नावाने ओळखले जाणारे एम. एम. फारुकी यांनी १९९३ च्या ‘देख भाई देख’ या दूरदर्शन मालिकेचे लेखन केले. २०२० मध्ये ‘मिर्झापूर’च्या दुसऱ्या पर्वात ते दद्दा त्यागी झाले. हा टोळीप्रमुख, जुळ्या तरुण मुलांचा बाप, पडद्यावर येतो तेव्हा त्याच्या उंचीला कोणी हसत नाही. त्याच्या धाकाचा विचार होतो. केरळात अजयकुमार यांनी २००५ च्या ‘अद्भुत द्वीप’मध्ये नायकाची भूमिका केली आणि गिनेस बुकात त्यांची नोंद झाली. २०१३ मध्ये त्यांनी चित्रपट दिग्दर्शितही केला. उणीव होती ती संधीची, गुणांची नव्हे.

आता भाषेकडे वळू. ‘बुटका’, ‘ठेंगू’, ‘बुटबैंगण’, हिंदीतला ‘बौना’ हे शब्द माणसाला हाक मारण्याआधीच त्याची थट्टा करतात. पुरोगामी लेखणीही यातून सुटलेली नाही. विरोधकाच्या क्षुद्र वृत्तीला ‘खुजे नेतृत्व’ म्हणायचे, हा आपल्या व्यासपीठांवरचा नित्याचा प्रघात. देहाची उंची आणि नीतीची उंची एकाच मापाने मोजणारी ही उपमा ज्याच्यावर बेतली, तो माणूसही सभेत समोर बसलेला असू शकतो, याचे भान कोणाला असते?

२०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द पुढे केला. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अनेकांनी त्याला आक्षेप घेतला, आणि तो रास्त आहे. शरीराला दिव्यत्व बहाल केल्याने बसची पायरी खाली येत नाही की नटाला काम मिळत नाही. माणसाला माणूस म्हणावे. उल्लेख आवश्यकच असेल तर ‘कमी उंचीचा’ असे सरळ म्हणावे आणि तो स्वतःला काय म्हणवून घेतो, ते आधी विचारावे.

कायदा यापुढे गेलेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अवस्थेला मान्यता दिली. प्रौढाची उंची १४७ सेंटिमीटर वा त्याहून कमी, ही त्यातील व्याख्या. चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्यास सहा महिने ते पाच वर्षे कैदेची तरतूद त्याच कायद्यात आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडद्यावरील चित्रणासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली: हीन लेखणारे शब्द टाळावेत आणि ज्यांचे चित्रण करायचे त्यांना निर्मितीत सहभागी करून घ्यावे.

ही तत्त्वे कागदावर राहू नयेत, हे काम केवळ न्यायालयाचे नाही. नाट्यपथकांनी पात्रयोजना करताना, कलावंतांच्या संघटनांनी करार करताना आणि वक्त्यांनी उपमा निवडताना ते करावयाचे आहे. कसोटी बदलण्याची हाक लखनौत दिली गेली होती. ती स्वतःच्या वाक्यांना लावण्यापासून आरंभ करावा.