हेलिकॉप्टर हवंच, पण रिकामं नको!

चकमकीत जखमी झालेल्या जवानाला हेलिकॉप्टरने नागपूरला हलवलं, ही गडचिरोलीची बातमी तुम्ही अनेकदा वाचली असेल. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हाही हेलिकॉप्टरचाच आधार. मग चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलरस्त्यावर पडलेल्या दुचाकीस्वाराला ते का मिळू नये? मागणी रास्तच आहे. ऋषिकेशच्या एम्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशी सेवा सुरू केली.

पण नेमकं मागायचं काय? जबर मार लागून हृदय बंद पडतं, ते बहुतेकदा रक्तस्रावामुळे, छातीत कोंडलेल्या हवेमुळे किंवा श्वास अडल्यामुळे. नुसती छाती दाबून भागत नाही. मूळ कारण दूर करावं लागतं, तेही काही मिनिटांत. म्हणूनच लंडनचं हेलिकॉप्टर डॉक्टरलाच रुग्णापाशी नेतं आणि २०१२ पासून सोबत रक्तही. हे दोन्ही नसेल, तर ती फक्त उडणारी, महागडी गाडी.

आणि हृदय थांबल्यावर नागपूरहून निघालेलं हेलिकॉप्टर भामरागडला वेळेत पोचणार कसं? ते थांबण्याआधीच हालचाल हवी. ती सुरुवात तिथे हजर असलेल्यांच्या हातात असते. १०८ लावा, वाहत्या जखमेवर कापड घट्ट दाबून धरा. पोलिसांच्या कटकटीला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय.

तेव्हा हेलिकॉप्टर मागाच. पण त्यात डॉक्टर आणि रक्त, अन् गावागावात रक्त थांबवायला शिकलेली पोरं-पोरी, हेही मागा.