मुसळी बुडाली ती बेण्याच्या बाजारात

औषधी मुळांच्या शेतीची जाहिरात एकरी उत्पन्नाच्या आकड्याने सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. तो आकडा कोणत्या मालाचा आणि कोणत्या भावाने काढला, हे विचारायला हवे. २००० सालाच्या मागेपुढे महाराष्ट्रात सफेद मुसळीची लाट आली तेव्हा ते पुरेसे विचारले गेले नाही. मुसळी सहसा बियांवर घेत नाहीत. गड्ड्याचा थोडा भाग राहील अशा बेताने मुळ्या सुट्या करतात आणि पावसाच्या तोंडावर गादीवाफ्यावर लावतात. म्हणजे जे विकायचे तेच बेणे, आणि ते एकरी काही क्विंटल लागते. पीक औषधासाठी विकायचे तर सोलून वाळवावे लागते. ओल्या पाच किलोंचा जेमतेम एक किलो उरतो. तेच ओले, बेणे म्हणून विकले तर ना सोलणी, ना घट. साहजिकच लाटेच्या वर्षांत खरा पैसा बेण्यातच होता. आता बेण्याची पाचपट वाढ धरून हिशेब करा. पहिल्या वर्षीचा एक एकर दुसऱ्या वर्षी ५, तिसऱ्या वर्षी २५ आणि पाचव्या वर्षी ६२५ एकरांना बेणे पुरवतो. नवा शेतकरी मिळेनासा झाला की भाव कोसळणारच होता, आणि तो कोसळला. परत खरेदीची हमी देणारे अनेक जण तेव्हा दिसेनासे झाले. याचे खापर हवामानावर किंवा शेतकऱ्याच्या अर्धवट ज्ञानावर फोडणे हा कांगावा आहे.

औषधाच्या बाजाराला मुसळी नकोच होती, असे मात्र नाही. त्या बाजाराला हवी असलेली मुसळी काढणे हे सावकाशीचे काम आहे. दिवाळीच्या सुमारास पाने पिवळी पडून गळतात, तेव्हा पीक तयार झाल्यासारखे दिसते. पण मुळे आणखी दोन-तीन महिने जमिनीतच राहू द्यावी लागतात. साल गडद झाली की ती पक्व समजायची. मग खणणी, धुणे आणि एकेका मुळीची साल काढणे. काढणीच्या खर्चाचा मोठा वाटा या सोलणीच्या मजुरीत जातो. घाईने उपटलेले कोवळे मूळ वाळल्यावर सुरकुतते, नीट न वाळलेल्याला बुरशी धरते. या सगळ्या कष्टाचा मोबदला मिळायला प्रतवारीनुसार भाव लागतो. गावात येणारा एकच व्यापारी सगळा ढीग एका भावाने उचलणार असेल, तर फेब्रुवारीपर्यंत थांबण्यात शेतकऱ्याचा फायदा कोणता?

माळव्यातली अश्वगंधा इथे ताडून पाहण्यासारखी आहे. नीमच-मंदसौर भागात हलक्या जमिनीवर, खरिपाच्या उत्तरार्धात ती फेकून पेरतात. बियाणे स्वस्त असल्याने बियाणे विकून श्रीमंत होण्याची सोय फारशी नाही. मुळे काढून, तुकडे करून, जाडी आणि रंगानुसार निवडली जातात आणि नीमचच्या मंडीत त्यांचा उघड लिलाव होतो. भाव तिथेही वर-खाली होतो, वाईट वर्षे तिथेही येतात. तरी शेतकऱ्याला आजचा दर कळतो, आणि पुढच्या वर्षी किती पेरायचे हे ठरवायला तो आधार पुरतो.

यावर म्हटले जाईल की करार शेती आहे, अनुदान आहे, सरकारी संकेतस्थळही आहे. करार वाईट नाही, पण बेणे विकणारा आणि माल घेणारा एकच असेल तर त्याची कमाई लागवडीच्या दिवशीच होऊन जाते. करार पाळण्याची गरज त्याला उरत नाही. राष्ट्रीय आयुष अभियानात वनस्पतीनुसार लागवड खर्चाच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के अनुदानाची तरतूद होती. ते पैसे लागवडीला मिळतात, म्हणजे पुन्हा बेण्याच्या मागणीला. ‘ई-चरक’सारख्या संकेतस्थळावर विकणारा आणि घेणारा एकमेकांना सापडू शकतात, मात्र मालासमोर बोली लागणे ही वेगळी गोष्ट. लागवड वाढली की जंगलातली ओरबाड थांबेल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण जंगलातून फुकट उपटलेले आणि शेतात मजुरी देऊन सोललेले मूळ एकाच भावाने जात असेल, तर शेतातले मूळच आधी बाजाराबाहेर पडेल. जैवविविधता कायद्यातील २०२३च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना मूळ स्थानाच्या दाखल्यावर सवलत दिली आहे. त्या दाखल्याला खरेदीत किंमत मिळाली, तर जंगल वाचण्याची आशा धरता येईल.

कापूस-सोयाबीनला तरी कुठे भाव मिळतो, असे विचारणारेही भेटतील. मिळत नाही, हे खरेच. पण त्यांना जाहीर हमीभाव आहे आणि बाजार समितीचा दर रोज छापून येतो. भांडायला आकडा तरी हातात असतो. मुसळीवाल्याकडे तोही नाही. म्हणून अकोला आणि जळगावच्या बाजार समित्यांनी काढणीच्या हंगामात आठवड्यातला एक दिवस वाळल्या मुळांच्या लिलावासाठी ठेवावा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तिथे ओलावा आणि सॅपोनिन तपासून दाखला द्यावा. आणि बेणे विकणाऱ्या प्रत्येकाने गेल्या हंगामात आपण वाळलेला माल किती, कोणाला आणि काय भावाने विकला, हे पावतीवर लिहून देण्याची सक्ती व्हावी.