ठाणे नावाची कोठडी

‘ठाणे’ हा शब्द चौकीचा आणि शहराचाही. दोन्ही अर्थ जिथे एकत्र येतात ती वास्तू म्हणजे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांकडे, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. बाहेरच्या शत्रूसाठी उभारलेले तट पुढे आतल्या माणसाला कोंडण्याच्या कामी आले. फक्त पहाऱ्याची नजर फिरली.

पण भिंतीला भाषा कळत नाही. त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये येथूनच निसटले. पहारा गोऱ्यांचा, बाहेर घोड्याला खरारा करणारा मोतद्दार मराठी गाणी म्हणे आणि त्यांतून बेत आत पोचे, अशी कथा बिशप हेबरने नोंदवली आहे. तीत रंग भरलेला असेलही. तरी दगडी तटाला भगदाड पाडले ते मराठीने, हे साहित्याच्या अभ्यासकांनी विसरू नये.

१९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे येथेच फाशी गेले. उद्या कैदी हलवून किल्ला ‘मोकळा’ केलाच, तर कोठड्या पाडून निखळ पोर्तुगीज तट दाखवण्याचा मोह होईल. त्याला माझा विरोध आहे. सरहद्दीचा किल्ला म्हणून ही वास्तू जेमतेम अर्धे शतक जगली. तुरुंग म्हणून दीडशेहून अधिक वर्षे.