जोखीम कोणी पत्करावी?

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरिता देवीचे स्थान समुद्रापासून इतके दूर आहे की, प्रशांत महासागरातील वानुआतू या द्वीपराष्ट्राशी येथील कास्तकाराचे काही नाते असेल, असे सकृद्दर्शनी कोणासही वाटणार नाही. परंतु ज्या संकटाचा विमा उतरविण्यास कोणी धजत नाही त्याची जोखीम कोणाच्या शिरावर असावी, या एकाच प्रश्नाशी दोघांचीही गाठ आहे.

हवामानविषयक जागतिक कराराचा मसुदा तयार होत असतानाच, 1991 साली, लहान द्वीपराष्ट्रांच्या वतीने वानुआतूने असे सुचविले होते की, चढत्या समुद्रात ज्यांची भूमी जाईल त्यांच्यासाठी एक विमानिधी उभारावा आणि त्याची वर्गणी धुराड्यांच्या बळावर संपन्न झालेल्या राष्ट्रांनी आपल्या मिळकतीच्या व प्रदूषणाच्या प्रमाणात भरावी. ती सूचना बासनात गुंडाळली गेली. हानीच्या भरपाईसाठी निधी असावा एवढे तत्त्व मान्य व्हावयासही 2022 साल उजाडले. दरम्यान हवामानाच्या नावाने जो पैसा देण्यात आला, तो बहुतांश कर्जाऊ. मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस जाणाऱ्या आमच्या मजुरास या मदतीचे स्वरूप निराळे समजावून सांगावे लागणार नाही. एकोणिसाव्या शतकात याच उसासाठी मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज ज्या बेटावर राहतात, त्याच्या सरकारने तर 2024 साली मोठ्या कंपन्यांच्या नफ्यावर दोन टक्के हवामान-आकार बसविला. परक्याच्या दातृत्वाची वाट पाहण्यापेक्षा हे बरे, पण दोष परक्याचा आणि भुर्दंड घरचा, हेही विसरता येत नाही.

बीड जिल्ह्याचा अनुभव याहून फार वेगळा नाही. 2020 च्या खरिपात पीकविम्यासाठी एकही कंपनी पुढे येईना, तेव्हा सरकारी भारतीय कृषी विमा कंपनीस पाचारण करावे लागले. हप्त्याच्या 110 टक्क्यांपलीकडील भरपाई शासनाने सोसावी, आणि भरपाई कमी निघाल्यास कंपनीने हप्त्याचे 20 टक्के ठेवून बाकीचे शासनास परत करावेत, असे ठरले. 'बीड पॅटर्न' म्हणून गाजलेली ही व्यवस्था निर्दोष नव्हती. परंतु नफा खाजगी आणि तोटा रयतेचा, हा न्याय तिने मोडला. पुढे 2025 च्या खरिपात स्थानिक आपत्तीचे संरक्षण विम्यातून वगळून सारी भिस्त पीककापणी प्रयोगावर ठेवण्यात आली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गोदावरी व सिंदफणा पात्र सोडून शिवारात शिरल्या. शेंगांतच कोंब फुटलेले सोयाबीन आणि काळी पडलेली कापसाची बोंडे घेऊन शेतकरी बांधावर उभा, आणि तलाठी, ग्रामसेवक व कृषिसहायक यांच्या पंचनाम्याची फेरी कोठे पोहोचली याची चौकशी चाललेली! 7 ऑक्टोबरला 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर झाले खरे. पण नुकसान होऊन गेल्यावर जाहीर होणारी रक्कम, ती कितीही मोठी असो, मेहेरबानीच्याच खात्यात पडते, हक्काच्या नव्हे.

कॅरिबियन बेटांनी 2007 साली जो सामाईक विमानिधी काढला, त्यात वाऱ्याचा वेग व पावसाचे मान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की, पंचनाम्याविना चौदा दिवसांत रक्कम अदा होते. जुलै 2024 मधील बेरिल वादळानंतर ग्रेनाडाच्या खजिन्यास त्यातूनच सुमारे साडेचार कोटी डॉलर मिळाले. तथापि त्याच वादळात जमैकाच्या 15 कोटी डॉलरच्या आपत्ती-रोख्यातून मात्र छदामही सुटला नाही, कारण हवेचा दाब ठरलेल्या आकड्यापर्यंत उतरला नव्हता. यंत्राचा आकडा आणि शेतातले पाणी यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. मंडळाचे पर्जन्यमापक कोरडे आणि चार कोसांवरचा ओढा फुगलेला, हे आमच्याकडेही घडते.

म्हणून पंचनामा रद्द करा असे आमचे म्हणणे नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरण्याचा नियम शासनाचाच आहे. त्या नोंदीवर मदतीचा अर्धा हिस्सा चौदा दिवसांत खात्यावर जमा व्हावा, त्यासाठीचा निधी अर्थसंकल्पात आधीच राखून ठेवावा, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी, तसेच जेथे यंत्र चुकले असेल तेथे, पंचनामे सावकाश व्हावेत.