अ‍ॅक्झोलॉटल खात नाही? आधी थर्मामीटर बघा!

मंडळी, गेल्या आठवड्यात बदलापूर लोकलमध्ये ऑफिसातला एक मित्र भेटला. अंबरनाथला राहतो. म्हणाला, "अरे, आमचा अ‍ॅक्झोलॉटल चार दिवस काही खात नाहीये. दुसरं काय देऊन बघू?" मी विचारलं, "पाणी किती डिग्री आहे?" तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी टाकीची जन्मपत्रिका मागितली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अ‍ॅक्झोलॉटल म्हणजे मेक्सिकोतला एक सॅलमँडर. बेडकाचा लांबचा नातेवाईक. आयुष्यभर पाण्यात राहतो, डोक्यामागे पिसांसारखे कल्ले, चेहऱ्यावर कायम हसू. २०२१ मध्ये तो माइनक्राफ्ट गेममध्ये आला आणि घराघरांतली पोरं त्याच्या मागे लागली. पोरंच कशाला, मी पण लागलो.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी एक पिल्लू बदलापूरला घरी आणलं. फेब्रुवारीपर्यंत मजेत होतं. मार्च संपता संपता त्याने खाणं सोडलं. दुकानदार म्हणाला, "जिवंत ट्युबिफेक्स द्या." दिले. मग म्हणाला, "गप्पी सोडा." सोडले. कोणीतरी चिकनचे तुकडे सुचवले, तेही झालं. कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी आली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. त्यानंतर मी थर्मामीटर घेतला (हो, त्यानंतर!). पाणी ३२ डिग्री होतं.

दिवसभर ऑफिसात ज्युनियर पोरांना "आधी लॉग बघ, मग कोडला हात लाव" म्हणून झापणारा मी, घरी लॉग न बघता दीड महिना नुसते खाण्याचे पॅच मारत होतो.

तर माझा मुद्दा अगदी साधा आहे. आपल्याकडे अ‍ॅक्झोलॉटलच्या आहाराची जी चर्चा चालते, त्यातली निम्मी फुकट आहे. कारण आपल्याकडचा अ‍ॅक्झोलॉटल बहुतेक वेळा 'चुकीचं खाऊन' मरत नाही, तो हळूहळू शिजून मरतो.

हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचा. ती जागा समुद्रसपाटीपासून २२०० मीटरपेक्षा उंच आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर! त्याला १६ ते १८ डिग्री पाणी लागतं, २४ च्या वर त्रास सुरू होतो. आणि आपण त्याला आणतो कुठे, तर जिथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो त्या बदलापुरात.

पाणी तापलं की काय होतं? १८ डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेनऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ डिग्रीला सव्वासातच्या आसपास. म्हणजे थंड रक्ताच्या प्राण्याचं शरीर वेगाने चालायला लागतं, त्याला जास्त ऑक्सिजन हवा असतो, नेमका तेव्हाच तो कमी मिळतो. न खाल्लेलं खाणं लवकर कुजतं, अमोनिया वाढतो, आणि गरम पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी होतो. तेव्हा खाणं सोडलेल्या अ‍ॅक्झोलॉटलपुढे नवनवीन पदार्थ टाकणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला ताट बदलून देणं. वर ते ताट त्याच्याच खोलीत कुजू द्यायचं.

आता खाण्याबद्दलही बोलतो, कारण तिथेही आनंदच आहे. ट्युबिफेक्स गटारासारख्या घाण गाळात वाढतात. अंबरनाथहून उल्हासनगरात जाणारी आपली वालधुनी आठवा, तिच्या पाण्याचा रंग आठवा, आणि मग कुठल्या गाळातले किडे घरात आणतोय याचा विचार करा. जिवंत माशांबरोबर परजीवी येतात. चिकनमध्ये कॅल्शियम नगण्य. टाकीतले रंगीत खडे तर सगळ्यात वाईट. अ‍ॅक्झोलॉटल चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. खडा पोटात गेला की अडकतो.

त्याचं सगळ्यात चांगलं अन्न म्हणजे आपलं साधं गांडूळ, औषध न मारलेल्या मातीतलं. फक्त गांडूळखताच्या पिशवीतला छोटा लाल गांडूळ पुष्कळदा तो थुंकून टाकतो, कारण त्या जातीच्या अंगातून कडवट द्रव सुटतो. जोडीला बुडणाऱ्या पेलेट्स. पिल्लाला रोज, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा. संपला आहार!

इथे दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं: "आमच्या ओळखीच्याचा वर्षभर जगलाय." अरे, तो दहा-पंधरा वर्षं जगणारा प्राणी आहे! वर्षभर टिकला म्हणजे जगला नव्हे, मरायला वर्ष लागलं. दुसरं: "हे पिंजऱ्यातच जन्मलेले, त्यांना सवय झालीय." १८६४ मध्ये पॅरिसला ३४ अ‍ॅक्झोलॉटल नेले, आणि आजच्या पाळीव वंशाचा मोठा भाग त्यांच्यापासून आला, हे खरं. पण तेव्हापासून ते वाढले थंड पाण्यात. उकाड्याची सवय त्यांना कोणी आणि कधी लावली?

टाकीवर पंखा लावाल, तर आपल्या दमट हवेत तो दोन-चार डिग्रीच उतरवतो. बर्फाच्या बाटल्यांनी पाणी दिवसभर वरखाली होत राहतं. उपाय एकच, चिलर. त्याची किंमत प्राण्याच्या कितीतरी पट. शिवाय वीज गेली की तोही गप्प.

आणि हो, कागदपत्रं. अ‍ॅक्झोलॉटल साइट्सच्या यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीने असे प्राणी आपल्या वन्यजीव कायद्यात आले आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. दुकानात याबद्दल कोणी अवाक्षर काढलं होतं का, आठवून बघा.

सोचिमिल्कोत १९९८ मध्ये चौरस किलोमीटरला सुमारे ६००० अ‍ॅक्झोलॉटल मोजले गेले होते, २०१४ मध्ये ३६. तिकडे तो संपत चाललाय, आणि इकडे आपण तो हौसेने आणून उकडतोय. म्हणून माझं स्पष्ट मत: चिलर घेणार असाल तर पाळा, नाहीतर घेऊच नका. टाकीची हौस असेल तर २८ डिग्रीत सुखाने राहणारे मासे ढिगाने आहेत.

असो. मित्राला मी थर्मामीटर घ्यायला सांगितलंय, शे-दोनशे रुपयांत मिळतो. काल त्याचा मेसेज आला, "कोळंबी देऊन बघू का?"