बर्फावरची जुनी चाल

'सॉनिक ३'मधला बर्फाचा टप्पा ज्यांनी खेळलाय, त्यांना त्याची चाल झोपेतून उठवून विचारली तरी गुणगुणता येईल. निळा सॉनिक स्नोबोर्डवरून सुसाट डोंगर उतरतो, कड्यावर आदळतो, वरून बर्फ कोसळतं आणि मागे सिंथेसायझरचे काहीसे उदास सूर चालूच राहतात. खेळ १९९४चा, सेगाच्या मेगा ड्राइव्हवरचा. चालही तेव्हाचीच, असं सगळे धरून चालले होते.

ती निघाली दशकभर आधीची. या खेळाच्या संगीतकारांपैकी एक, ब्रॅड बक्सर, पूर्वी ॲरिझोनातल्या 'जेटझन्स' बँडमध्ये होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या बँडने 'हार्ड टाइम्स' नावाचं गाणं रेकॉर्ड केलं आणि ते पडून राहिलं. २००८मध्ये एका संग्रहातून ते बाहेर आलं, आणि त्यानंतर काही वर्षांनी कुठे सॉनिकवेड्यांना चालीचं मूळ सापडलं.

यावर 'म्हणजे शिळंच वाढलं की' असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. जे कुणी ऐकलंच नव्हतं, ते शिळं कसं? शिवाय खेळातली चाल सिनेमातल्यासारखी एकदा वाजून संपत नाही. टप्पा पार होईपर्यंत ती कानावर आदळत राहते, आणि आपण हरतो म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. इतकं ऐकूनही वीट न येणारी चाल हाताशी असेल, तर संगीतकाराने ती का वापरू नये? रोसिनीने 'बार्बर ऑफ सेव्हिल'ला आपल्याच जुन्या ऑपेराचं प्रारंभसंगीत जोडलं होतं. आज ते 'बार्बर'चंच म्हणून ओळखलं जातं. बक्सर यांनी तर उलटा प्रवासही सांगितलाय: याच खेळाच्या श्रेयनामावलीमागचं संगीत पुढे मायकल जॅक्सनच्या 'स्ट्रेंजर इन मॉस्को'चा पाया झालं.

माझी तक्रार आहे ती नंतर जे झालं त्याबद्दल. २०२२मध्ये 'सॉनिक ओरिजिन्स' या नावाने जुने खेळ नव्याने आले, त्यात बर्फाच्या टप्प्याची चाल गायब! आणखी दोन टप्प्यांचं संगीतही बदललेलं. हक्कांचा गुंता, असा बहुतेकांचा कयास. कारण काहीही असो, त्या उतारावर दुसरे सूर ऐकताना पाय घसरल्यासारखं होतं. गंमत म्हणजे जागा भरायला आणलेलं संगीतही नवं नव्हतंच. ते 'सॉनिक ३'च्या १९९३मधल्या कच्च्या आवृत्तीतल्या चालींवरून बेतलेलं होतं.